आमच्याकडे अंधार आहे

पनवेल,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय इथन,

शालोम. तू, सॅली आणि छोटी ताल मजेत असाल. फोनवर बोलताना पप्पा कान लावून बसलेले असतात, म्हणून हा मेल.

तू विचारलंस, चंद्रावर वीज कुठून आली? अरे, हवा नसलेल्या कुठल्याही चंद्रावर ती असतेच. उन्हाच्या बाजूला प्रकाश जमिनीतले इलेक्ट्रॉन उडवून लावतो. सावलीत उलटं, अवकाशातून येणारे इलेक्ट्रॉन साठत राहतात, शेकडो व्होल्टपर्यंत. ना हवा, ना ओल, वाहून जायला वाटच नाही. मग बारीक धूळ आपोआप उसळते आणि तिथे उतरलेल्या यंत्राला चिकटते. लॅबमधल्या निर्वात पेटीत आम्ही तेच करून बघतो. कितीतरी महिने आमची धूळ ढिम्म हलली नव्हती. पनवेलचा दमटपणा तिच्यात मुरलेला. भाजून भाजून वैताग आला होता.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी ती उसळली. माझा पाय काही तिथून निघेना.

पप्पा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, एवढंच तुला सांगितलं होतं. हे त्याच संध्याकाळी झालं. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी येऊन मी हॉलचा आणि बाथरूमचा दिवा लावून ठेवते. शब्बाथचा विसावा सुरू झाला की शनिवार संध्याकाळपर्यंत पप्पा बटणाला हात लावत नाहीत, तुला माहीतच आहे. त्या दिवशी मला आठ वाजले.

ते शेजारच्या आशालताकाकूंकडे गेले होते. दिवा लावा असं दुसऱ्याला सांगणंही त्यांच्या नियमात बसत नाही. दारात उभे राहून म्हणाले, "आमच्याकडे अंधार आहे."

"आमच्याकडे तर लाइट आहे! तुमचा फ्यूज उडाला असेल. नाओमी आली की बघेल हो."

पप्पा "बरं" म्हणाले आणि परत आले. काकू अजून रडतात. मला रडायचंही त्राण नाही.

तू म्हणतोस, त्यांना तिकडे पाठव. ते येणार नाहीत. "मी गेलो तर सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष भरायचे नाहीत," हेच पालुपद. आता ते खाटेवर आहेत आणि तिथे नऊच जमतात. दर शनिवारी मला विचारतात, "दहा झाले का गं?" मी हो म्हणते.

मला लॅब सोडायची नाहीये, इथन. पप्पांनाही एकटं सोडायचं नाहीये. केव्हापासून तुला लिहितेय, बाई टिकत नाही, रजा संपली, पाठ धरलीय. दर वेळी तू "काळजी घे" म्हणालास. तुझा दोष नाही. मीही दारात उभी राहून अंधार आहे, एवढंच सांगत होते.

आज सरळ मागते. तू ये. आठवड्याभरासाठी नको, पप्पा चालायला लागेपर्यंत राहा. मी बोलावलं असं त्यांना सांगू नकोस. सांग, सिनेगॉगमध्ये एक माणूस कमी पडत होता, म्हणून आलो.

फार दमलेली,
तुझी बहीण नाओमी