कुलपाआडच्या बीजी

आई, आज खूप वर्षांनी आपल्या जुन्या क्वार्टरच्या रस्त्यावरून गेले. समोरच्या बीजींच्या घराला आता निळा रंग दिलाय, फाटकाशी कुणाची तरी स्कूटी उभी होती. मी गाडी थांबवली, पण उतरले नाही. काचेआडूनच बघत बसले. घरी येऊन हे तुला लिहितेय.

बाबांची बदली झाली म्हणून तू ग्रामपंचायतीतून राजीनामा देऊन चंदीगडला आलीस, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की चपात्या लाटताना तू मला आपला जिल्हा शिकवायचीस, माझं मराठी टिकावं म्हणून. पोळपाटावरच्या पिठात बोट फिरवून खाडी काढायचीस. खाडीच्या अलीकडे आपलं गाव, जेटी, मासळीबाजार, एसटी स्टँड. पलीकडे तालुक्याची कचेरी. गाव वाढत चाललेलं, नगरपालिका हवी म्हणणारे एकीकडे, घरपट्टी वाढेल म्हणून नको म्हणणारे दुसरीकडे. आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, त्यातल्या एका वाडीची तू मेंबर. "मेंबर करता क्या है?" मी हिंदीतच विचारायचे. तू सांगायचीस, "वादळ होऊन गेलं की मेंबराने घराघरासमोर उभं राहायचं आणि हाक मारायची, 'घरात कोण आसा काय?' आतून ओ आल्याशिवाय पुढे जायचं नाही."

चंदीगडला तेव्हा महापालिकाच नव्हती. याचं तुला भारी नवल. एवढे सरळ रस्ते, घरांना नंबर, सेक्टरांना नंबर, त्यातही तेरा नंबरचा सेक्टर गायब, आणि पाणी आलं नाही तर दारात जाऊन भांडावं असा आपला निवडून दिलेला माणूस एकही नाही. "हे शहर कुणाचं आहे ते कळतच नाही," म्हणायचीस.

मग तो उन्हाळा आला. पंजाब पेटलेला, पेपरात रोज बसमधून उतरवून मारलेल्यांच्या बातम्या. एका सकाळी संचारबंदी लागली आणि रस्ता रिकामा झाला. दुपारी लू सुटते, तो भाजणारा वारा, सफेद्याची म्हणजे निलगिरीची वाळलेली पानं रस्त्यावर सरपटतात, आणि समोरच्या घरातून आवाज येतो. टण्. बऱ्याच वेळाने पुन्हा टण्. त्या घरात बीजी आणि त्यांचा मुलगा राहायचे. तो कुठल्याशा ऑफिसात होता, आम्ही पोरं त्याला वीरजी, म्हणजे दादा, म्हणायचो. पण दाराला बाहेरून मोठं कुलूप होतं. सगळे म्हणत होते, दोघं गावी गेले असणार.

दुसऱ्या दिवशीही आवाज आला, पण विरळ. बाबा म्हणाले, "खिडकीपासून लांब हो. आत कोण लपलंय कुणास ठाऊक."

"अहो, माका ऐकाक येता ता. तुमका येणा नाय?"

"येतंय. म्हणूनच सांगतोय."

शेजारच्या बँकवाल्या अंकलनी रेडिओ मोठा केला. सगळ्या ओळीला तो आवाज ऐकू जात होता आणि प्रत्येक घराचे पडदे ओढलेले होते.

पुढच्या दिवशी आवाज थांबला. संचारबंदी थोड्या वेळासाठी उठली, बायका दुधाकडे धावल्या. तू पिशवी खाली ठेवलीस आणि रस्ता ओलांडून सरळ त्या खिडकीशी गेलीस. मी मागे. जाळीला तोंड लावून तू म्हणालीस, "बीजी, अंदर हो? बोलो जी." काही नाही. पुन्हा म्हणालीस. मग आतून बाईचा आवाज आला, अगदी हलका. नुसतं "हां".

अंकलना तू हाताला धरून आणलंस. त्यांनी हातोड्याने कुलूप तोडलं. आत बीजी खाटेवर, पाय सुजलेले, पाण्याची घागर रिकामी, हातात स्टीलचा पेला. तोच त्या खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत होत्या. वीरजी त्यांची औषधं आणायला गेला होता. घर रिकामं वाटावं म्हणून बाहेरून कुलूप लावून, आणि आवाज करू नको असं बजावून.

तो परत आला नाही. कुणी नेला, कुठे नेला, कधीच कळलं नाही. बीजींना सायकलरिक्षात बसवून तू चौकीत गेलीस, मोठ्या साहेबांच्या ऑफिसाबाहेर बसलीस. एका शिपायाने विचारलं, "आप कौन लगती हो इनकी?" तू म्हणालीस, "सामने रहती हूँ." आणि उठली नाहीस. काही उपयोग झाला नाही.

त्यांची मुलगी न्यायला येईपर्यंत बीजी आपल्याकडेच राहिल्या. एका दुपारी तू भेंडी चिरत होतीस, मी अभ्यास करत होते. बीजी म्हणाल्या, "पुत्तर, तू रोज खिड़की पे ना आती तो मैं मर जाती."

तू हसलीस. "रोज कहाँ, बीजी. एक ही बार आई थी."

"ना. पहले दिन से आती थी. अपनी बोली में कुछ कहती थी." आणि त्यांनी डोळे मिटून, एकेक शब्द सांभाळत म्हटलं, "घरात... कोण... आसा... काय."

तुझी विळी थांबली. मग म्हणालीस, "हाँ बीजी. आती थी."

आई, त्या खिडकीशी तू हिंदीतच बोललीस. मी मागे उभी होते. आणि त्याआधीच्या दोन्ही दुपारी तू माझ्याशेजारी चटईवर आडवी होतीस. मी जागी होते, तुझा पदर माझ्या मुठीत होता.

पुढे किती वर्षं आपण एकत्र राहिलो. शेवटच्या आजारपणात तुझ्या उशाशी कितीतरी दुपारी बसले, पण तू खरंच गेली होतीस का, हे कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तू 'नाही, नव्हते गेले' म्हणशील याची मला भीती वाटते. आज गाडीत बसल्या बसल्या कळलं, 'गेले होते' म्हणशील याची भीती त्याहून जास्त होती.