पेन्सिलीतल्या नोंदी

प्रिय ताई,

पत्र पेन्सिलीनं लिहिलंय म्हणून आधी नाक मुरडून घे. हातात मोबाइल असताना पत्र कशाला, हेही विचारशील. अगं, फोनवर तू 'बरी आहेस ना, जेवलीस ना' एवढं करतेस आणि दादाचं नाव निघालं रे निघालं की तुझ्या दारावरची बेल वाजते. पाच महिन्यांत किती वेळा वाजली ती! एवढं कोण येतं गं तुझ्याकडे? परवा वहिनी म्हणाली, पुढल्या महिन्यापासून तू त्या टाइल्सवाल्यांकडे हिशेबाला जाणार. म्हणजे दादाशी अबोला आता कायमचाच. म्हणून आज लिहायला बसले.

कारखान्यातली तुझी खोली आहे तशीच आहे. खिडकीची कडी अजून सुतळीनंच बांधलेली. बाहेर व्हीलचेअरचे सांगाडे रांगेत उभे, आणि दादा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा सगळीकडे शोधतोय. त्यानं आमच्या कंपनीचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते कारखान्याच्या मापानं बेतायला कंपनीनं मलाच पाठवलं, तेव्हा केवढी मिरवत आले होते मी! तयार कपडा सगळ्यांच्या अंगात शिरतो, पण कुणाच्या बाह्या लांब, कुणाची कंबर ढगळ. ती काटछाट करायची, हेच माझं काम. घरचं काम म्हणून मी जास्तच ताठ बसले. बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको होतं.

तुझी वही उघडली तर एकेचाळीस नोंदी पेन्सिलीत! खुर्ची पोचलेली, पैसे आलेले आणि नोंद अजून कच्ची. मी कपाळाला हात लावला. सॉफ्टवेअरच्या हिशेबी कसं, खुर्ची पोचली, पैसे आले, नोंद बंद. पुढच्याच आठवड्यात दादा तुला म्हणाला, 'ताई, तू आता आराम कर.' तू कपाटाला कुलूप लावलंस, किल्ली त्याच्या टेबलावर ठेवलीस आणि चालू लागलीस. बावीस वर्षांनंतर, एक शब्द न बोलता. तुझं हेच वाईट आहे. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात सगळं नीट चाललंय का ते बघायला गेले होते, तेव्हा फोन वाजला. पलीकडे एक निवृत्त ड्रिलमास्तर, आवाज अजून मैदानावरचा. 'त्या बाई कुठायत?' म्हणून असे गरजले की मी उभीच राहिले. पहिल्या खुर्चीच्या वेळी म्हणे पंधरा दिवसांनी तुझा फोन आला होता. या वेळी दोन महिने झाले तरी पत्ता नाही. बायकोचे पाय फुटरेस्टवर टेकत नाहीत, लोंबकळून घोटे सुजलेत. तुम्हीच का नाही कळवलंत, असं विचारलं तर म्हणाले, 'बाई विचारतात, म्हणून थांबलो.'

मी तुझं कपाट उघडलं. पेन्सिलीच्या नोंदींच्या समासात, जिकडे मी पहिल्यांदा बघितलंच नव्हतं, तुझं ते मुंगीएवढं अक्षर. डावं चाक ओढतं. घराचं दार अरुंद, दोन बोटं रुंदी कमी करा. मुलगी वाढतेय, सहा महिन्यांनी पुन्हा विचारणे. माणूस खुर्चीत नीट बसला, त्याची काही तक्रार उरली नाही, की मगच वरून शाई. अगं बाई गं! आणि दादाला इतकी वर्षं वाटायचं, तू फोनवर गप्पा हाणतेस.

दादा त्याच दिवशी मास्तरांकडे जाऊन फुटरेस्ट बदलून आला. मी सॉफ्टवेअर उसवायला घेतलं. आमचे साहेब डाफरले, मूळ पायऱ्यांना हात लावायचा नाही, उद्या बिघडलं तर निस्तरणार कोण? म्हटलं, मी. आता नोंद पडद्यावर करड्या अक्षरांत राहते. पंधराव्या दिवशी आठवण येते, आणि फोन करून शेरा लिहिल्याशिवाय ती काळी होत नाही. काळी करायची मुभा एकाच नावाला दिलीय. 'ताई'. मधल्या काळात दादा स्वतः फोन करून बघत होता, पण तिसऱ्याच गिऱ्हाइकानं 'बाईंना द्या' म्हणून ठेवून दिला.

आता खरं सांगते. तुला घरी बसवायचं दादाच्या मनात कधीच नव्हतं. 'एकेचाळीस नोंदी अपुऱ्या, कामात दिरंगाई, एक जागा कमी करता येईल', हे मी लिहिलं होतं. खाली माझी सही आहे. दादा तीन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरला, आणि मीच त्याला म्हटलं, आकडे समोर आहेत, बहीण म्हणून बघू नकोस. ज्या बाईनं माझी वसतिगृहाची फी भरली, तिला मी दोन मिनिटं विचारलं नाही की पेन्सिल का? तू गेलीस तेव्हा तुला सांगायला निघाले होते. दादा आडवा आला. म्हणाला, 'माझ्याशी बोलत नाही, ठीक आहे. तुझ्याशी तरी बोलू दे तिला.' पाच महिने तो माझ्या वाटचा अबोला सोसतोय, आणि मी सोसू दिला. लाज वाटते गं, ताई. नोकरी कुठे करायची ते तू ठरव, पण त्याच्याशी बोल. हे पत्रही कच्चंच आहे. कुठे टोचतंय, कुठे कमी पडलंय, ते तू सांगितल्याशिवाय मी त्यावर शाई फिरवणार नाही. पंधरा दिवसांनी फोन करीन. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण तेवढी बेल वाजवू नकोस.

तुझीच,
ठेंगी