हेनीच्या लेकीचं नाव

ब्रेस्लाउ,
नोव्हेंबर १९४१

लाडके हेनी,

तुला, अर्विनला आणि तुमच्या चिमुकलीला आईचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत.

माँटेव्हिडिओहून तुझं पत्र काल आलं. मुलगी झाली! मी स्वयंपाकघरातच रडायला लागले. तुझे बाबा म्हणाले, "अगं, बटाटे करपताहेत. आधी ते उतरव, मग रड." असा हा माणूस! पण स्वतः मात्र कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले होते.

थंडी फार आहे. आम्हा ज्यूंना दुकानात संध्याकाळी थोडाच वेळ जाऊ देतात, तोवर सगळं संपलेलं असतं. कोटांवर पिवळे तारे मीच शिवले. बाबांचा तिरका बसला, तर म्हणतात, "एवढं करायलाच लावलंय, तर निदान सरळ तरी शिवायचास." खालच्या केसलरबाई रस्त्यात ओळख दाखवत नाहीत, आणि परवा दाराशी गुपचूप सफरचंदं ठेवून गेल्या. आता त्यांना काय म्हणावं, सांग.

आमचं जायचं ठरलंय. म्हणजे त्यांनी ठरवलंय. पूर्वेकडे कुठेतरी, कामासाठी, असं सांगतात. बाबांचं हे काय कामाचं वय आहे का, असं विचारू नकोस. मीही कोणाला विचारलेलं नाही. एकेक पेटी न्यायची. पत्ता कळला की कळवीन. नाहीच आलं पत्र, तर उगीच टपालवाल्यावर चिडू नकोस.

आता नावाचं. सेल्मा ठेवू की रोझा, असं विचारतेस. तुझ्या दोन्ही आज्या गेलेल्या, तेव्हा रीतीला धरूनच आहे. जित्या माणसाचं नाव आपण बाळाला देत नाही. तुझ्या मावशीने एकदा ती चूक केली होती, आठवतं? सेल्माआजी केवढी कडाडली! "मी अजून चालती-बोलती आहे, आणि माझं नाव पाळण्यात घालता? एवढी घाई झाली का गं मला पोचवायची?" भरल्या ताटावरून उठून गेली होती बाई.

हसतेस ना? हस. आणि आता नीट ऐक.

तिचं नाव फ्रोमेट ठेव. माझं.

उलट उत्तर करू नकोस, हेनी. रीत मलाही ठाऊक आहे. बाबांशी बोलूनच लिहितेय. मी मुळीच रागावणार नाही. तिथल्या लोकांना ते नाव उच्चारायला जड जाईल, जाऊ दे. तू मात्र सारखी हाक मार. दूध पाजताना मार, धपाटा घालतानाही मार. "फ्रोमेट, खाली उतर!" असं चार घरांत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरड.

तिला एकदा मांडीवर घ्यायचं फार मनात होतं गं.

बाबा आत पेटीला दोरी बांधताहेत. तिथूनच ओरडताहेत, "तिला लिही, पुढच्या खेपेला मुलगा झाला तर माझंही नाव मोकळं आहे म्हणावं!"

तुझ्या लेकीच्याच नावाची,
आई