माझ्या आवाजाची विल्हेवाट

मी, विजयश्री ज्योतीराम तिडके, वय एकसष्ट, पूर्वीचा व्यवसाय गायनाच्या शिकवण्या, राहणार मोशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असा पुष्कळांचा समज असतो, म्हणून हे आधीच सांगून टाकते. सात वर्षांपूर्वी घशातल्या गाठीमुळे माझे स्वरयंत्र काढले. तेव्हापासून मी गळ्याच्या छिद्रातून श्वास घेते आणि सांगायचे ते लिहून सांगते. हा कागद करायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट मुलानेच तो दोनदा उचलून ठेवला.

१. मोशीतील राहता फ्लॅट. यजमान गेल्यावर आमचा एकुलता मुलगा प्रज्वल याने आपला हक्क सोडून तो माझ्या एकटीच्या नावावर करून दिला. माझ्या पश्चात तो त्याचाच. मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचे त्याच्या मनात आहे. खुशाल पाडावी.

२. तानपुरा आणि पेटी योगिनी बोराटे हिला द्यावी. ही इथल्याच गावातली, माझी शेवटची विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी दारातूनच म्हणाली होती, "बाई, मला गानं येत न्हाई, पन शिकायचं हाय." पेटीची एक पट्टी अडकते, ती तिने दुरुस्त करून घ्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. नणंद कस्तुरा हिला माझी एकही साडी देऊ नये. ऑपरेशननंतर मला भेटायला आली तेव्हा ती यजमानांना म्हणाली, "चला, आता घरात शांतता." मी शुद्धीवर होते.

४. लॅपटॉप. हा प्रज्वलच्या डिप्लोमासाठी घेतलेला, म्हणजे त्याचाच. तो त्यानेच ठेवावा. पण त्याची हकीकत इथे लिहून ठेवते.

ऑपरेशनची तारीख ठरल्यावर योगिनीने कुठूनसा चांगला माइक मागून आणला. आठवडाभर दुपारी, पंखा बंद करून, मी त्या लॅपटॉपवर गायले. भूप, यमन, बीडकडची माझ्या आईची हळदीची गाणी. फायली मोठ्या झाल्या, पण त्यांत सगळे आले होते. तानपुऱ्याची जवारी, तारांची ती गुंजणारी झणकार, आली होती, दोन ओळींमधला माझा श्वासही आला होता.

मी दवाखान्यात असताना प्रज्वलला कॉलेजचे ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर टाकायचे होते. जागा नव्हती. त्याने गाण्यांच्या लहान प्रती करून फोनमध्ये घेतल्या आणि मोठ्या फायली पुसल्या. घरी आल्यावर मी गाणी लावायला सांगितली. जवारीच्या जागी पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर होती. श्वास तर गेलाच होता.

"आई, तेच आहे. फक्त साइज कमी केलीय. फरक कळतसुद्धा नाही."

मी पाटीवर लिहिले, "मला कळतो."

पुसलेले परत मिळवायला तो दुकानांतून हिंडला. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले होते, मिळाले नाही. यजमानांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "मला तर तूच गातीस असं वाटायलंय." फोर्जिंगच्या कंपनीत लोखंड ठोकणाऱ्या घणांशेजारी उभे राहून त्यांचे कान आयुष्यभराचे अधू झाले होते. फरक दोघांनाही कळला नाही. यजमानांना मी दोष दिला नाही. प्रज्वलला दिला. तो तेव्हा कोवळा होता, हे मला माहीत असूनही दिला.

५. माझा आवाज. दोन वर्षांपूर्वी प्रज्वलने त्याच लहान फायली एका प्रोग्रॅमला ऐकवून लॅपटॉपमध्ये माझा आवाज तयार केला. मी टाइप करायचे आणि लॅपटॉपने माझ्या आवाजात बोलायचे. स्पीकर जोडून तो म्हणाला, "आई, लिही काहीतरी." मी लिहिले, "अहो, जेवायला चला."

यजमान गॅलरीतून धावत आले. आधी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग लॅपटॉपकडे.

त्यानंतर रोज सकाळी म्हणू लागले, "तिला लाव की." तिला! मी वाटीवर चमचा वाजवून हाक मारली तर त्यांना ऐकू यायचे नाही. ती बोलली की तोंडभर हसायचे. तिला खोकला नव्हता, ती थकत नव्हती. माझ्या हयातीत माझ्या घरात सवत आली, आणि तिला बोलायला शब्द मीच पुरवत होते.

गेल्या वर्षी त्यांचे हृदय थकले. दवाखान्यात मी त्यांचा हात धरून बसले होते. ते म्हणाले, "विजयाला बोलवा."

नर्स म्हणाली, "आजोबा, आजी इथंच आहेत."

"ही नव्हं. बोलती ती."

प्रज्वल घरी जाऊन लॅपटॉप घेऊन आला. एका हाताने यजमानांचा हात धरून, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने मी लिहिले, "अहो, मी इथंच आहे. झोपा." त्यांनी मान लॅपटॉपकडे वळवली आणि डोळे मिटले. संध्याकाळी गेले. तोंड तिकडेच होते.

तर माझ्या मृत्यूनंतर हा बनवलेला आवाज, तो जिथे जिथे साठवला असेल तिथून, योगिनीने प्रज्वलसमक्ष कायमचा पुसावा. गाणी राहू द्यावीत, जशी उरली आहेत तशी.

या कलमाचा कच्चा मसुदा वाचून प्रज्वल स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चाकणहून आलेला, कंपनीचा शर्टही बदलला नव्हता. म्हणाला, "पप्पांना दिलास. मग मला का नाही?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला उत्तर लिहून दिले, ते इथेही लिहिते: "त्यांच्याशी बोलत होते ती मीच होते. मी गेल्यावर तिच्या तोंडात शब्द तू घालशील. तुझा जीव जे ऐकायला तळमळतो, तेच ती बोलेल. ती तुला माफ करेल. मी अजून केलेले नाही. करायचे असेल तर ते मला स्वतःला करू दे."

त्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. तेव्हापासून कामावरून आला की तो माझ्याशेजारी येऊन बसतो. माफीच्या बाबतीत या मृत्युपत्रात मी काही लिहीत नाही. तेवढे एक माझ्याकडे शिल्लक ठेवते.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर पुन्हा वाचून, पटल्यावर सही करीत आहे.

ठिकाण: मोशी
दिनांक: ९ जानेवारी २०२६

(सही) विजयश्री ज्योतीराम तिडके

विजयश्रीबाईंनी आम्हा दोघांच्या समोर सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली. मजकूर मान्य आहे का, असे विचारता त्यांनी मान हलवून होकार दिला.

साक्षीदार:
१. (सही) पूनम गव्हाणे, शेजारी
२. (सही) भिमाजी सानप, कै. ज्योतीराम यांचे कंपनीतील सोबती