कागदी कपातला चहा

रविवार, संध्याकाळ. तुडील.

मुंबईचं रेडिएशन संपवून आज घरी आले. अंगावरचे चट्टे फिकट झालेत, केस मात्र गेले. कातडीचा हा दुर्मीळ कॅन्सर कुणाला लागत नाही, हे डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं. तरी जाऊबाईंनी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि मला कागदी कपात.

"घरात पोरं हायत गो, राग मानू नको."

नवरा खाली बघून पीत राहिला. एका कागदी कपाचं एवढं का लागावं? किरणांनी भाजलं तेव्हाही इतकं झोंबलं नव्हतं. उठले आणि माझा उष्टा चहा सगळ्यांच्या चहाच्या पातेल्यात ओतला.

 नवऱ्यानेच पातेलं उचललं आणि मोरीत रिकामं केलं.