दहाव्या ओळीवरची खूण

॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

चिकलठाणा, औरंगाबाद
ता. ३ फेब्रुवारी २०१३

ती. दादांच्या चरणी बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र लिहितो.

आमची कंपनी दुसऱ्यांनी घेतली. नव्या साहेबांना मराठी येत नाही. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला, स्टोअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्यासमोर उभे राहून पाच मिनिटे इंग्रजीत बोलायचे आहे. जमले नाही तर स्टोअरच्या किल्ल्या देऊन पॅकिंगला जायचे. बावीस वर्षे त्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. कुठल्या फळीवर कुठला बोल्ट, ते मी डोळे मिटून सांगेन, पण मराठीत.

म्हणून भानुमती मॅडमच्या क्लासला जातो. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. वर्गात मी सोडून सगळी मुले आमच्या तनुजाच्या वयाची. मॅडमनी आधी कॅन, मे, शूड, मस्ट शिकवले. मे म्हणजे झाले तर झाले. मस्ट म्हणजे झालेच पाहिजे. कंपनीच्या पत्रात मस्ट आहे. आता यूज्ड टू चालू आहे, म्हणजे पूर्वी नेहमी करायचो ते. त्याची दहा वाक्ये घरच्या माणसांवर लिहून आणायची, तीच पुढे साहेबांसमोर बोलायची.

मॅडम म्हणाल्या, काहीही लिहा, खरे-खोटे कोण तपासायला येतो? दादा, मला ते जमत नाही. पाठ करायचे, चारचौघांत म्हणायचे आणि ते खोटे असायचे, हे देवाला बरे दिसत नाही. म्हणून दहाही वाक्ये मराठीत उतरवून सोबत पाठवतो. खरे असेल तिथे खूण करा, चूक असेल तिथे फुली मारा.

वडिलांवरचे दहावे वाक्य माझे आवडते आहे. मी शहरात वसतिगृहात शिकत होतो तेव्हा अण्णा रोज सकाळच्या एसटीत माझा डबा ठेवायचे आणि डब्यात घृष्णेश्वराचे बेलाचे पान घालायचे. त्या पानामुळेच मला सोमवारची गोडी लागली, ती आजतागायत आहे.

वहिनींना नमस्कार. तुमच्या खुणांची वाट पाहतो.

आपला धाकटा,
बद्रीनाथ


वेरूळ
ता. १२ फेब्रुवारी २०१३

चि. बद्रीनाथ यास पुंजारामचे अ. आ.

पत्र पोचलं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पाठीला दप्तर लावलंस, लई ब्येस. तुझी वहिनी म्हणती, भाऊजींना पाटी-पेन्सिल पाठवू का. मी म्हटलं, पाठव, आणि पाटी पुसायला पाणी त्यांचं त्यांनी बघावं.

हिकडं विहिरीनं तळ दाखवला. जनावरं चारा-छावणीत नेऊन बांधली. गोठा मोकळा बघवत नाय म्हणून मी सकाळचा तिकडंच जातो. टँकर येतो, पण त्याचा भरवसा नाय. तुझ्या मॅडमला म्हणावं, आमच्या टँकरवाल्याला एकदा मस्ट शिकवा. तो अजून मे वरच अडकलाय.

कागद वाचला, खुणा केल्या. तिसऱ्यात फुली आहे. आपला बैल ढवळा नव्हता, तांबूस कोसा होता. ढवळा शेजाऱ्यांचा, तुला लहानपणापासून दुसऱ्याचाच बैल आवडायचा. सातव्यात आई पहाटे ओव्या म्हणायची ते खरं, पण आवाज गोड होता असं लिहिलंस, ते आईवरच्या मायेपोटी चालू दे. दहाव्यातला डबा पितळेचा नव्हता, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनचा होता, बुडाला पोचा आलेला. गाडी सातची नव्हती, साडेसहाची. कंडक्टर फकिरा, त्याला दमा होता, त्यामुळं घंटीची दोरी ओढायच्या आधी तो हमखास खोकायचा. तो खोकला ऐकू आला की पळायचं.

अभ्यास कर. पॅकिंगला गेलास तरी घरचाच राहशील, पण किल्ल्या तुला शोभतात.

तुझा,
पुंजाराम


चिकलठाणा
ता. २० फेब्रुवारी २०१३

ती. दादांस बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. बैल बदलला. आईचा आवाज तसाच ठेवला.

एक गोष्ट राहिली. नऊ वाक्यांपुढे खूण किंवा फुली आहे. दहाव्यापुढे काहीच नाही. डबा, गाडी, कंडक्टरचा खोकलासुद्धा तुम्ही सांगितलात, पण अण्णा डबा ठेवायचे हे खरे की चूक, ते सांगितले नाहीत. मी वसतिगृहात राहायला निघालो त्या दिवशी अण्णांनी खिडकीतून डबा आत दिला, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मॅडमनी माझे भाषण दोनदा ऐकले. म्हणाल्या, दहावे वाक्य सगळ्यांत चांगले म्हणता, तिथे अडखळत नाही.

एका खुणेचे काम आहे. तेवढे करून पाठवा.

आपला,
बद्रीनाथ


वेरूळ
ता. १ मार्च २०१३

चि. बद्रीनाथ यास अ. आ.

अरे, पेनातली शाई संपली असंल तिथं. मास्तर झालास का माझा? अण्णा जाऊन एकोणीस वर्षं झाली. चांगलं वाक्य आहे, तुला येतंय, म्हणून टाक. साहेब काय वेरूळला येऊन इचारणार नाय.

छावणीत कडबा आला. बरं चाललंय.

पुंजाराम

ता. क. भाऊजी, चतुराबाईचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून ह्या चार ओळी माझ्या. ह्यांना माहीत नाय.

डबा मामंजींनी एकदाच ठेवला, तुम्ही पाहिला तो. दुसऱ्या दिवसापासून ते म्हणाले, पोराला भूक लागंल तसं आपोआप घरी येईल, रानात एक हात वाढंल. सासूबाई भाकऱ्या बांधायच्या आणि हे घेऊन जायचे. तीन वर्षं. ह्यांची दहावी चालू होती तेव्हा. गाडी साडेसहाची आणि खुलताबादच्या शाळेला चालत निघायची वेळ पण तीच. गाडी बऱ्याचदा उशिरा यायची. मग शाळा बुडत बुडत सुटलीच. हे मला सासूबाईंनी सांगितलं, ह्यांनी कधीच नाय.

आणि पान म्हणाल तर ते देवाचं नव्हतं. डब्याचं झाकण सैल होतं. थांब्यावर बेलाचं झाड होतं, त्याचं पान हे घडी करून झाकणात खोचायचे, कालवण सांडू नये म्हणून. ते डब्यात पडत असंल.

तुम्हाला वाईट वाटंल. पण खरं काय ते तुम्हीच इचारलंत.


चिकलठाणा
ता. १४ मार्च २०१३

ती. दादा व सौ. वहिनींच्या चरणी बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

वहिनींवर रागावू नका. त्यांनी लिहिले नसते तर मी त्या खुणेसाठी स्वतः आलो असतो.

आठ तारखेला तुमचे पत्र मिळाले, तेव्हा हातात तीन दिवस होते. मॅडमना सांगितले, दहावे वाक्य बदलायचे आहे. त्यांनी सरळ नको म्हटले. पाठ झालेले आता हलवले तर सगळेच कोसळेल, आधी नोकरी वाचवा, खरे मग बोला. त्यांचेही चुकले नाही. मी दोन दिवस जुनेच वाक्य म्हणून पाहिले. तोंडातून नीट येत होते. मग अकराला, सोमवारी सकाळी देवापुढे बसलो आणि तिथे ते येईना.

साहेबांसमोर नऊ वाक्ये बरी गेली. दहाव्याला माय फादर म्हणून थांबलो. एका साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. मग म्हणालो, माय ब्रदर यूज्ड टू ब्रिंग माय टिफिन. पुढचे काही पाठ नव्हते. त्यांनी विचारले, तुमचे भाऊ काय शिकले. मी तोडके मोडके सांगितले, बस साडेसहाला, शाळाही साडेसहाला, त्यांनी बस घेतली. मग साहेबांनी बेअरिंगचे दोन प्रश्न विचारले, ते मला आले.

काल कळले. किल्ल्या सहा महिने माझ्याकडेच, मग पुन्हा पाहू म्हणाले.

दादा, तुम्हाला अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून शाळा सुटली, असे अण्णा सांगायचे आणि मी ते मानले. अण्णांना मी एकदा पाहिले आणि रोजचे धरले. तुम्हाला रोज पाहायला हवे होते, ते एकदाही पाहिले नाही. अण्णांवर माझा राग नाही. त्यांनाही रानात एकट्याने राबावे लागत होते. सोमवारही मी सोडणार नाही. पान कशासाठी खोचले होते ते कळले, म्हणून इतक्या वर्षांचे हात जोडणे वाया गेले असे मला वाटत नाही.

हे पत्र पोस्टात न टाकता आजच वेरूळला निघालेल्या माणसाच्या हाती देतो, कारण उद्या सकाळच्या गाडीने डबा पाठवतो आहे. सौ. मुक्ताने धपाटे आणि लसणाची चटणी केली आहे. दोन दिवस टिकेल. डबा स्टीलचा, नवा आहे. सोबत दहाव्या ओळीचा नवा कागद आहे. थांब्यावर जाऊन कंडक्टरकडून घ्या. खोकला ऐकू येणार नाही, जरा आधीच जाऊन बसा.

तुमच्या हातून आलेल्या डब्यावर मोठा झालेला,
बद्रीनाथ


वेरूळ
ता. १७ मार्च २०१३

चि. बद्रीनाथ यास पुंजारामचे व चतुराबाईचे अ. आ.

डबा मिळाला. गाडी पाऊण तास उशिरा. काही बदललं नाय.

धपाटे छावणीत नेऊन चौघांनी खाल्ले. मुक्ताला सांग, चटणी तिखट होती, पण पाणी नाय म्हणून बेतानं खाल्ली. तुझी वहिनी दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मी रागावलो नाय. पाकीट मात्र इथून पुढं मीच चिकटवणार.

शाळेचं मनाला लावून घेऊ नको. मला गणित येत नव्हतं, ते पण खरं आहे, ते बी लिही कुठंतरी.

दहाव्या ओळीवर खूण केली आहे. वाकडी आली, पण खूण आहे.

डबा उलट्या गाडीनं पाठवतोय. धुतलेला नाय, राखेनं घासलाय, मुक्तानं नाक मुरडू नये. रिकामा पाठवायचा नाय म्हणून शेंगा घातल्या आहेत. झाकण लई घट्ट आहे, उघडायला चतुराबाईला बोलवावं लागलं. तरी पान खोचलंय.

दादा