जावईबापू, रपट्यावर मागणी नाही म्हणता?

मु. सानगडीजवळ, वैशाख

पुण्यात सुखाने नांदत असलेले आमचे जावई चिरंजीव भूपेंद्रराव यांस सासरे धनीराम यांचे भरभरून आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्याला उतार आहे, गाय व्याली आहे, परवाच्या वादळाने कैऱ्या गळल्या तरी लोणच्यापुरत्या हाती लागल्या. तिकडे आपली प्रकृती कशी आहे? रीताला सहावा महिना लागला, तिला जड उचलू देऊ नये. ऑफिसातून वेळेवर घरी येत जावे. पत्राची सुरुवात शुद्ध भाषेत केली, कारण जावयाचा मान ठेवलाच पाहिजे. पण पुढे भाषा घरची होईल, कारण मले राग आला आहे, अन् रागात मले शुद्ध येत नाही.

फोन काहून नाही केला म्हणाल, तं तीनदा लावला. फोनवर तुम्ही "हो बाबा, बरोबर आहे बाबा" म्हणता, अन् मंग माणसानं राग कुठं ठेवावा? कागद मधात "हो बाबा" म्हणत नाही.

तुमाले आठवत असंल, मागच्या वर्षी तुम्हीच सांगतलं होतं का बाबा, जिल्ह्याचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा बनून राहिला, रस्ते, पूल, सगळं त्यात येणार, काम आमच्या कंपनीले भेटलं, अन् या वेळी लोकायले विचारून, अभ्यास करून ठरवणार. मले इतका आनंद झाला का मी पाराजवळ उभा राहून सगळ्या गावाले सांगतलं. आपल्या नाल्यावरचा रपटा (तो ठेंगणा पूल, ज्याच्यावरून लग्नाच्या वरातीत तुमची गाडी आली होती, अन् तुमच्या काकाजीनं "याले पूल म्हणतात का?" म्हणून तोंड वाकडं केलं होतं) आता उंच होणार, जावई बसले आहेत तिथं, असं मी छाती फुगवून बोललो. जागेश्वर तेव्हाच म्हणाला होता, "धनीरामभाऊ, पूल झाल्यावर बोलत जा." पण जागेश्वरले माझं चांगलं कधी पाहवलंच नाही, ते सोडा.

मंग श्रावणात तुमच्या कंपनीचे दोन पोट्टे आले. हातात टिकटिक करणारी यंत्रं, गळ्यात ओळखपत्रं. रपट्यावरून किती गाड्या, किती माणसं, किती जनावरं जातात ते मोजायले आले म्हणे. आता श्रावणात आमच्या रपट्यावर काय असते हे तुमाले माहीत आहे. कमरेएवढं पाणी असते. पोट्ट्यायनं एक दिवस छत्री धरून काठावर काढला, दुसऱ्या दिवशी भिजून थरथर कापत माझ्या घरापुढच्या सपरीत येऊन बसले. लेकरं पाहून तुमच्या सासूबाईले दया आली. भजे तळले, चहा झाला, रात्री वडाभात झाला. पोट्टे मोठे गुणी, ताटं स्वतः धुतली. बसल्या बसल्या त्यातल्या एकानं विचारलं का काका, इथून कोणी जात नाही का? मी म्हणालो, "या पाण्यात कोण जाते बाप्पा? बसा आरामात." हे वाक्य लक्षात ठेवा, जावईबापू. एवढंच बोललो मी. आल्यागेल्याची खातिरदारी केली.

त्यानंतर थंडीत तुमच्याच कंपनीची मोनिकाताई आली. पोरगी बोलायले गोड. समाजमंदिरात भिंतीवर मोठा कागद लावला अन् सगळ्यायच्या हातात पिवळ्या चिकटचिठ्ठ्या देल्या. तीस वर्षांनी तुमचं गाव कसं असावं, डोळे मिटून पाहा म्हणे. (डोळे मिटल्याबरोबर भैयाजी घोरायले लागला, त्याले उठवण्यात थोडा वेळ गेला.) मंग सगळे एका आवाजात म्हणाले, पूल पाहिजे.

"पूल हा उपाय झाला काका," ताई म्हणाली. "मला गरज सांगा."

"गरज म्हणजे पलीकडे जायचं आहे," जागेश्वर म्हणाला.

"कशासाठी?"

"दवाखाना पलीकडे आहे. बाजार पलीकडे आहे. कॉलेज पलीकडे आहे. अलीकडे आम्हीच आहो फक्त."

ताईनं मान डोलावली अन् चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, "संपर्क". ती चिठ्ठी मोठ्या कागदावर मधोमध लावली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काहून वाजवल्या, आता विचारू नका.

आता खरा प्रकार ऐका. मागच्या मंगळवारी त्याच समाजमंदिरात आराखड्याचा मसुदा दाखवायले एक साहेब आले. पडदा, प्रोजेक्टर, पाण्याच्या बाटल्या. मी पहिल्या रांगेत, धुतलेली टोपी घालून. पडद्यावर आपलं गाव आलं. रपट्यावर करड्या रंगाचा टिपका. साहेब म्हणाले, करडा म्हणजे तीस वर्षांत प्राधान्य नाही. खाली लिहिलेलं त्यायनं वाचून दाखवलं, अन् मी ते शब्द मरेस्तोवर विसरणार नाही: "पावसाळ्यात या मार्गावर वाहतुकीची मागणी आढळली नाही. स्थानिक ज्येष्ठ नागरिकांनीही यास दुजोरा दिला."

मागणी आढळली नाही! जावईबापू, पाण्याखाली गेलेल्या रपट्यावर कोण आढळणार होतं? मासोळ्या मोजल्या असत्या तं मागणी भरपूर निघाली असती. माणूस जाऊ शकत नाही म्हणून पूल मागते, अन् तुम्ही लिहिता का माणूस जात नाही म्हणून पूल नको. मी खुर्चीवरून उठलो. आवाज माझा पहिल्यापासून मोठा आहे. म्हणालो, "हे कोण्या भैताडानं लिहिलं, त्याचं नाव सांगा!"

साहेब बिचारे सरळ माणूस. पान पलटलं, चष्मा सारखा केला अन् वाचलं, "अभ्यासप्रमुख..." पुढं तुमचं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.

मंग मागून जागेश्वरचा आवाज आला, एकदम मऊ, लोण्यासारखा: "भाऊ, हे तं आपले जावई होत नं?" त्यावर कोण्या पोट्ट्यानं विचारलं का साहेब, ते ज्येष्ठ नागरिक कोण? साहेबानं आणखी एक पान पलटलं. जावईबापू, मी पाया पडून विचारतो, माझं नाव लिहायची काय गरज होती? भजे खाल्ले ते कुठं लिहिलं नाही, वडाभात लिहिला नाही, फक्त "कोण जाते बाप्पा" तेवढं लिहिलं! गाव अर्धा तास हसत होतं. भैयाजी तं खुर्चीवरून खाली बसला. अन् वर साहेबानं खुशखबर सांगतली का तुमची "संपर्क" ही मागणी मान्य झाली आहे, गावात मोबाईलचा टॉवर येणार.

इथपर्यंत हसण्याची गोष्ट होती, हसा तुम्हीही. पुढची हसण्याची नाही.

हसणं थांबल्यावर साहेब म्हणाले, पावसाळ्यात ज्यायले खरंच पलीकडे जायची गरज पडली, त्यायनं हात वर करा. बरेच हात वर झाले. गोदावरीबाईनंही केला. तुमाले गोदावरीबाई माहीत आहे, रीताच्या हळदीले सगळी गाणी तिनंच म्हटली. दोन वर्षांखाली धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावरून घसरून तिचा हात मोडला. नाल्याले पूर होता. जंगलातल्या फेऱ्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टर काढला, तं तो चिखलात फसला. हाताले बांबूच्या कामट्या बांधून, पाणी उतरेपर्यंत आम्ही तिले घरात बसवून ठेवलं. रात्रभर तिचं कण्हणं माझ्या घरात ऐकू येत होतं. पाणी उतरलं तेव्हा हाड वाकडंच धरलं होतं. तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. तं तो हात वर झालाच नाही पूर्ण, अन् साहेबासंगं हात मोजायले आलेल्या पोट्ट्याच्या नजरेत आला नाही. मी म्हणालो, साहेब, हा एक हात राहिला. साहेबानं पाहिलं. त्यायले वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण म्हणाले, "काका, वैयक्तिक अनुभव हा पुरावा धरता येत नाही. हरकत घ्यायची तर तीस दिवसांत लेखी घ्या, शास्त्रीय भाषेत, मुद्देसूद."

गोदावरीबाई हात खाली घेऊन म्हणाली, "जाऊ द्या धनीरामभाऊ, आपल्या रीताचा नवरा आहे." जावईबापू, तिनं मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. ती तुमचा मान राखून राहिली होती. त्या रात्री मी जेवलो नाही.

लोकायले विचारू नका असं मी म्हणत नाही. विचारा. पण श्रावणात बुडालेल्या रपट्यावर यंत्र घेऊन बसायचं अन् घरात अडकलेल्या माणसाकडं जायचं नाही, याले अभ्यास म्हणतात का? आमच्या तोंडून पूल काढून त्याचा संपर्क करायचा, अन् संपर्काचा टॉवर! त्यापेक्षा न विचारता नाही म्हटलं असतं, तं आम्ही नशिबाले दोष देऊन मोकळे झालो असतो. आता आमच्याच नावानं नाही म्हटलं आहे.

अन् एक हिशेब तुम्ही केला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुमच्या आईनंच लग्नात ठरवलं. रीताचे दिवस श्रावणात भरतात. म्हणजे या श्रावणात आमच्या रपट्यावर मागणी आढळणार आहे, अन् ती तुमच्याच घरची असंल.

रागात कमीजास्त लिहिलं गेलं. सासरा बापासारखा असतो म्हणून समजून घ्या, अन् नाही घेतलं तरी चालंल.

तुमचा,
धनीराम

ता. क. तुमच्या सासूबाई म्हणून राहिल्या का पत्र टाकू नका, जावई रुसतील. रुसू नका. कैऱ्यांचं लोणचं सानगडीच्या एका माणसाच्या हातानं पाठवून राहिलो, बरणी परत द्या.

ता. क. दुसरा. मुद्द्याचं राहूनच गेलं. हरकत लिहायले गावात कोणी तयार नाही. मी बसलो होतो, पण माझ्या कागदावर नुसत्या शिव्या उतरल्या. शास्त्रीय भाषेत, मुद्देसूद लिहिणारा आमच्या ओळखीत एकच माणूस आहे. तरी तुमच्या अहवालावरची आमची हरकत तुम्हीच लिहून पाठवा. कडक लिहा, लिहिणाऱ्याची भीड धरू नका. खाली सह्यायले जागा मोठी ठेवा, सगळं गाव सही करणार आहे. पहिली सही रीताची. मी नाही सांगतलं तिले, काल तिनंच फोन केला होता, तुम्ही आंघोळीले गेले होते तेव्हा.